आधी खोका करा, पलंगाचं नंतर पाहू

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगी पाच वर्षांची, अडीच महिन्यांनी सहा वर्षांची होईल. आजवर अडगळीची म्हणून वापरलेली आठ बाय दहाची खोली आता तिला द्यायचं ठरलं आहे. घराचे हप्ते चालू असल्याने हात आखडता आहे, म्हणून तिचं सगळं फर्निचर स्वतः करायचं त्यांच्या मनात आहे. वर पलंग, त्याखाली अभ्यासाचं टेबल, शेजारी उंच कपाट. सगळं वाढदिवसाआधी आणि तिला पत्ता लागू न देता. लाकूड फुकट मिळतंय: कामाच्या ठिकाणचे माल रचायचे पॅलेट आणि घरात पडून असलेला जुना, रंगवलेला दरवाजा. बायको म्हणते, 'आयुष्यात एक खिळा ठोकला नाहीस, हप्त्यावर तयार घेऊन टाकू.' मेहुण्याने आराखडा पाहून चारचौघांत सांगितलं, 'हौस म्हणून कर, पण पोरीला त्यावर झोपवू नकोस.' ते त्यांना लागलं. 'माझ्या हातचं काहीतरी तिच्याकडे असावं, एवढंच मला वाटतं. बायकोला कसं पटवू?' मुलगी सध्या आईबापांच्या मध्ये झोपते, हेही त्यांनी ओघात लिहिलं आहे.

उत्तर:

बायकोला पटवायचं कसं, हा तुमचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते, कारण आराखडा पाहून मलाच अजून पटलेलं नाही. हिरमुसू नका. घरी फर्निचर करण्याला माझा विरोध नाही. उलट शिकाऊ सुताराला मुलांच्या खोलीइतकी चांगली जागा दुसरी मिळायची नाही. मुलांच्या वस्तू लहान असतात, बुटक्या असतात, दोन-तीन वर्षांत अपुऱ्या पडतात, आणि त्यांवर चरा उठला तर कुणी हळहळत नाही. तुमचं चुकतंय ते एवढंच, की जे सगळ्यात शेवटी करायचं त्यालाच तुम्ही पहिला हात घालताय.

मीही घातला होता. मुलाच्या पुस्तकांसाठी मी चार फुटांचं शेल्फ केलं. 12 मिलिमीटरच्या प्लायची एकसंध फळी, आधार फक्त दोन टोकांना. मध्ये आधार दिला की रूप जातं, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. दोन महिन्यांत फळीला पोट सुटलं. वर ठेवलेल्या गोट्या घरंगळत मधोमध येऊन थांबायच्या, आणि पोराला वाटायचं आईने मुद्दामच तसं केलंय. पुढे कळलं की फळीची जाडी आणि पुस्तकांची दाटी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर झोळ दुप्पट पडत नाही, सोळापट पडतो. आणि लांबी तीच ठेवून 12 ऐवजी 18 मिलिमीटरचं प्लाय घेतलं, तर तोच झोळ एक तृतीयांशाहून कमी होतो. हे आधी ठाऊक असतं तर मध्ये एक उभी पट्टी मारून मोकळी झाले असते. पण ते शेल्फ होतं. झोळ पडला तर गोट्या घरंगळल्या, एवढ्यावर भागलं.

पलंग डोक्याच्या उंचीवर नेला की तो पलंग राहत नाही, माचा होतो. त्यावर नुसतं झोपलेल्या मुलाचं वजन येतं असं तुम्ही धरलंय. पाच-सहा वर्षांचं मूल पलंगावर झोपतं कमी आणि उड्या जास्त मारतं. प्रत्येक उडीला चारही पाय कडेला ढकलले जातात आणि तो सगळा हिसका सांध्यांवर येतो. पहिला महिना माचा दगडासारखा उभा असतो. मग स्क्रूची भोकं झिजतात, तो किंचित डुलायला लागतो, आणि लाकूड कुरकुरतंच म्हणून कुणी लक्ष देत नाही. शिवाय कठडा गादीच्या वर निदान 13 सेंटीमीटर असावा लागतो. आराखड्यात तो असतोही, पण मग घरातली जाड गादी टाकली जाते आणि कठडा तिच्यात बुडतो. पट्ट्यांमधली फट 9 सेंटीमीटरहून मोठी नको, कारण तिच्यातून मुलाचं अंग खाली घसरतं आणि डोकं अडकतं. दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल झोपवू नये, असं अनेक देशांच्या सुरक्षा-सूचना सांगतात. तुमची लेक वाढदिवसाला सहाची होईल, मान्य. पण आदल्या रात्री नव्हती ती समज केक कापल्यावर येत नाही.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट. तिला ताप आला की रात्री तिच्याशेजारी कोण आणि कसं झोपणार? पहाटे तीनला ओली चादर कोण बदलणार, शिडीवर एका पायावर उभं राहून?

ती आजही तुमच्या दोघांच्या मध्ये झोपते, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला मात्र सगळ्या पत्रात तीच ओळ मोठी वाटली. जिने एकही रात्र एकटीने काढलेली नाही, तिला पहिल्या रात्री आपण वेगळ्या खोलीतही नेतोय आणि जमिनीपासून पाच फूट वरही. खोली लहान म्हणून माचा हवा, हे तुमचं गणित मोठ्या माणसाच्या सामानाचं आहे. सहा वर्षांच्या मुलीचं सामान किती? गादी, कपडे, पुस्तकं, खेळणी. आठ बाय दहाच्या खोलीत हे सगळं जमिनीवर मावतं आणि मधली जागा खेळायला उरते. माच्याची मौज तिलाही वाटेल, नाही असं नाही. ती नऊ-दहाची झाल्यावर वाटू द्या. तोवर तुमचा हातही बसलेला असेल.

मग सध्या ती झोपणार कशावर? गादी सरळ फरशीवर नको. झोपलेल्या अंगाची वाफ खाली उतरते, तिला वाट मिळत नाही आणि गादीच्या तळाला बुरशी धरते. साधा उपाय सांगते. पाच बाय सात सेंटीमीटरचे तीन लांब वासे फरशीवर समांतर ठेवायचे, दोन कडांना आणि एक मध्ये, आणि त्यांवर आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या. पट्टी 7 सेंटीमीटर रुंद आणि दोनेक सेंटीमीटर जाड, दोन पट्ट्यांत तेवढीच फट. गादी 190 सेंटीमीटरची असेल तर चौदा पट्ट्या लागतात. (गादी आधी मोजा. दुकानाच्या चिठ्ठीवर असतं ते माप खरं धरू नका.) झाला पलंग. फरशीपासून नऊ-दहा सेंटीमीटर वर. पडणार कुठून, मोडणार काय? लोळत खाली आली तर तिथेच झोपेल. आणि त्या रात्री तुम्हालाही तिच्याशेजारी फरशीवर अंथरूण टाकता येईल, दोघांची डोकी जवळजवळ एका पातळीवर.

मुलांना बुटकं सामान द्यावं ही काही काटकसरीतून निघालेली कल्पना नाही. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा त्यांनी मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या ठेवल्या, आणि त्याही मुलांना स्वतः उचलून हलवता येतील इतक्या हलक्या. आपण मुलांच्या खोलीत मोठ्यांचं सामान फक्त रंग बदलून ठेवतो. गुलाबी कपाट, पण त्याचा वरचा खण सहा फुटांवर.

कपाटावरून आठवलं, ते तर करूच नका. उंच, अरुंद, खणांचं कपाट ही मुलांच्या खोलीतली सर्वांत धोक्याची वस्तू असू शकते. मूल खालचे खण ओढून त्यांची पायरी करतं आणि अख्खं कपाट अंगावर येतं. अमेरिकेत 2022 साली याच कारणासाठी वेगळा कायदा करावा लागला; तिथे कपड्यांच्या कपाटांची चाचणी आता 27 किलोच्या मुलाचं वजन धरून होते. ही कारखान्यात तयार झालेल्या कपाटांची गोष्ट आहे, आपल्या पहिल्या प्रयत्नाची नव्हे. तिचे कपडे एका लाकडी दांडीवर आणि चार खुंट्यांवर मावतील. खुंट्या गोल टोकाच्या घ्या आणि तिच्या डोक्याच्या थोड्या वर, हात पोचेल अशा बसवा. डोळ्यांच्या उंचीला मुळीच नकोत.

आता फुकटच्या लाकडाबद्दल. तुम्ही यावर फार खूश आहात म्हणून वाईट वाटतं, पण तो दरवाजा तिथेच राहू द्या. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेने घरगुती रंगांत त्यावर 1978 साली बंदी आणली, आणि आज अनेक देशांत त्याची कमाल मर्यादा दहा लाखांत 90 भाग इतकी कडक आहे. लहान मुलांच्या शरीरात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रंग दारावर शांत बसून असतो तोवर ठीक. तुम्ही त्यावर पॉलिश पेपर फिरवला की त्याची भुकटी घरभर होते आणि मुलीच्या हातावाटे तोंडात जाते. पुन्हा रंग देऊन झाकू म्हणाल, तर कापताना काय करणार?

पॅलेटचं तेवढं टोकाचं नाही. देशाबाहेर जाणाऱ्या मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही इंग्रजी अक्षरं असतील तर कीड मारायला लाकूड फक्त तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर अंदाज बांधत बसू नका. 'एचटी' असलं तरी त्यावर आधी कशाचं पिंप गळलं होतं हे शिक्का सांगत नाही. अगदी स्वच्छ, वासाशिवायचं पॅलेट मिळालं तर बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी वापरा. आणि एक पॅलेट न फोडता सुटं करायला किती वेळ लागतो ते एकदा करून बघा. खिळे निघता निघत नाहीत, फळ्या चिरतात आणि रविवार संपतो.

स्वस्ताई लाकडात नसते, हे मला उशिरा कळलं. पैसे जातात चुकीच्या कापात आणि एकदाच लागणाऱ्या हत्यारांत. प्लाय विकणारे बऱ्याच ठिकाणी मापाने कापूनही देतात. तिथेच कापून घ्या. करवत आणि तुमची इच्छाशक्ती यांच्या जोरावर आठ फुटांचा सरळ काप निघत नाही. मग तुम्हाला लागतं ते फक्त ड्रिल, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), मोजपट्टी, लाकडाचा पांढरा गोंद आणि पॉलिश पेपर. त्यातलं ड्रिल उसनं मिळतं.

पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला, स्वस्त पडतो म्हणून मोह होईल. मुलांच्या खोलीत पाणी सांडतंच. ते त्याच्या उघड्या कडेत शिरलं की बोर्ड फुगतो आणि परत बसत नाही. शिवाय त्यात एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा नीट धरत नाही. तुम्हाला तर गोष्टी काढून घालून शिकायचं आहे. प्लायच घ्या, 18 मिलिमीटरचं. त्यातल्या गोंदातून फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, म्हणून ई-1 किंवा ई-0 प्रतीचं मागा. तरीही तयार वस्तू थोडे दिवस उघड्या खिडकीपाशी ठेवून मगच खोलीत न्या.

काय करायचं? खोका. एकच खोका, पाच वेळा.

त्याचं माप मी बरंच घोळवून ठरवलं आहे: बाहेरून 51 बाय 31 सेंटीमीटर, आणि 30 खोल. शाळेच्या बाकांची जी मापं युरोपात ठरवली आहेत, त्यांत साधारण 108 ते 121 सेंटीमीटर उंचीच्या मुलासाठी बसायची उंची 31 आणि टेबलाची 53 आहे. तुमची लेक बहुधा यातच बसेल; दाराच्या चौकटीपाशी उभी करून मोजा. खोका आडवा ठेवला की 31 उंचीचं बाक झालं, पोटात पुस्तकं. दोन खोके उभे केले, मध्ये गुडघ्यांपुरती 55 सेंटीमीटर जागा सोडून वर 18 मिलिमीटरची फळी बसवली, की 52.8 उंचीचं टेबल झालं. तिची उंची वाढली की खोक्यांखाली 6 सेंटीमीटरची ठोकळी द्या, पुढच्या मापाचं टेबल मिळतं. टेबल नकोसं झालं की तेच खोके पुन्हा शेल्फ.

एका खोक्याला 51 बाय 30 च्या दोन फळ्या आणि 27.4 बाय 30 च्या दोन. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये बसतात, 27.4 मध्ये दोन्हीकडची 18-18 मिलिमीटर जाडी मिळवली की बरोबर 31. मागे 6 मिलिमीटर प्लायचं 51 बाय 31 चं पाठाड. आठ बाय चारच्या प्लायमधून, म्हणजे 244 बाय 122 सेंटीमीटरमधून, आधी 30 रुंदीच्या चार लांब पट्ट्या काढायच्या. प्रत्येक कापाला करवतीचं पातं तीनेक मिलिमीटर लाकूड खातं. ते धरूनही चार पट्ट्या निघतात. तीन पट्ट्यांतून प्रत्येकी चार लांब आणि एक आखूड फळी, चौथीतून आठ आखूड. पाच खोके होतात आणि या मांडणीत सहावा अवघ्या एका आखूड फळीने हुकतो. सहावाही हवा असेल तर चारही पट्ट्यांतून प्रत्येकी तीन लांब आणि तीन आखूड फळ्या काढा, तो निघतो. टेबलाच्या वरची 120 बाय 40 ची फळी आणि पाठाडांचं पातळ प्लाय वेगळं घ्यावं लागेल.

जोडताना घाई करायची नाही. लांब फळीच्या टोकाशी, कडेपासून 9 मिलिमीटर आत पेन्सिलीने रेघ मारा. 18 च्या जाडीचा मध्य तो. त्या रेघेवर तीन खुणा, पहिली आणि तिसरी बाजूच्या कडेपासून तीन-चार सेंटीमीटर आत. आता स्क्रू सरळ दाबून फिरवलात तर प्लायच्या कडेत तो थरांच्या मधोमध पाचरीसारखा शिरतो. जुन्या वहीची शिवण उसवावी तसा बारीक कर्र आवाज येतो आणि थर सुटतात. तो आवाज एकदा ऐकला की माणूस आयुष्यभर आधी भोक पाडतो. चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला कडेत तीनच्या बिटाने भोक, वरच्या फळीत चारच्या, आणि तोंडाशी थोडी खळगी, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसेल आणि मुलीच्या मांडीला बोचणार नाही. स्क्रू 40 ते 50 मिलिमीटर लांबीचा. आधी कडेवर गोंदाची बारीक धार, मग स्क्रू. चार सांधे, बारा स्क्रू.

गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून 59.7 च्या आसपास आणि दोन्ही सारखे यायला हवेत. एक मोठा आला तर त्या दोन कोपऱ्यांना हाताने दाबा, चौकट सरकते. मग लगेच पाठाड बसवा. ते पातळ दिसतं म्हणून पुष्कळ जण वगळतात, आणि खोका कडेला कलायला लागला की कपाळाला हात लावतात. खोका काटकोनात धरून ठेवतं ते पाठाडच.

पॉलिश पेपर आधी 120 नंबरचा, मग 180 चा. आठही कोपरे बोटाच्या टोकासारखे गोल करा. शेवटी हातात जुना पातळ मोजा घालून सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे.

खोके एकावर एक ठेवायचे असतील तर दोनच, एकमेकांत स्क्रूने घट्ट केलेले, आणि वरचा खोका एल आकाराच्या पट्टीने भिंतीला पक्का केलेला. टेबलाचंही तेच. फळी दोन्ही खोक्यांना खालून स्क्रू मारून बसवा आणि खोके भिंतीला बांधा, कारण टेबलाच्या कडेवर लोंबकळण्याचा प्रयोग ती करणारच. भिंत पोकळ आहे की भरीव ते ठोकून पाहा आणि त्याप्रमाणे प्लग घ्या. काहीही खिडकीखाली ठेवू नका, त्याची पायरी होते. झाकणाची पेटी करायचा विचार मनात असेल तर झाकण काढून टाका. बोटं वाचतील आणि खेळणीही दिसतील.

आता अडीच महिन्यांच्या मुदतीकडे येते. पहिल्या खोक्याला दोन सुट्ट्या जातील, पाचव्याला दुपार पुरेल. रंग मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पाण्यात मिसळायचा रंग हाताला काही तासांत सुका लागतो, पण पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. घाई केलीत तर तिच्या चित्रांच्या वह्या टेबलाला चिकटून बसतील. तेलाचं पॉलिश केलंत, विशेषतः जवसाच्या तेलाचं, तर त्याचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्यांतलं तेल सुकताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते उघड्यावर पसरून वाळवा आणि मग टाका.

तिला पत्ता लागू न देण्याचा बेत मात्र मला आवडला नाही. आश्चर्याचा धक्का ही बऱ्याचदा देणाऱ्याची चैन असते. पाच वर्षांच्या मुलीला स्क्रू वाटीत मोजून ठेवता येतात, पॉलिश पेपर घासता येतो (चार मिनिटं), मोजपट्टीचं टोक धरता येतं, रंग ठरवता येतो. ड्रिल चालू असताना ती खोलीबाहेर, एवढा नियम. जिने स्वतःचं बाक घासलंय ती त्या बाकाच्या खोलीत झोपायला जरा लवकर तयार होईल, असं मला वाटतं. खात्री देत नाही. निदान दार उघडल्यावर आत सगळंच अनोळखी नसेल. आधी पहिला खोका आत न्या आणि दुपारी तिला तिथे खेळू द्या. रात्रीची घाई कुणालाच नाही.

आणि तुमची पत्नी. 'हप्त्यावर घेऊ' म्हणताना त्यांचा नकार नक्की कशाला आहे, हे तुम्ही विचारलंत का? पत्रात तसं दिसत नाही. तुम्हाला खिळा ठोकता येत नाही हे त्या बोलल्या आणि तुम्ही तेवढंच धरून बसलात. कदाचित त्यांना त्या उंच पलंगाची भीती वाटत असेल. कदाचित मुलगी इतक्यात वेगळी झोपावी असंच त्यांना वाटत नसेल. कदाचित अडीच महिने घरात भुसा आणि अर्धवट वस्तू पडून राहतील आणि त्या आपल्यालाच झाडाव्या लागतील, हे त्यांना आत्ताच दिसत असेल. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि पटवापटवीने त्यांतलं एकही मिळत नाही. उंच पलंग आणि कपाट रद्द, प्लायचा एकच मोठा तक्ता, काम संपल्यावर भुसा मी काढणार, आणि दोन खोक्यांनंतर जमत नाही असं दिसलं तर उरलेलं विकत घेऊ, असा कागद त्यांच्यासमोर ठेवा. त्यावर त्या काय म्हणतात ते ऐका. काही वस्तू विकत घ्याव्या लागल्या तर त्यात तुमची हार नाही. एन्झो मारी नावाच्या इटालियन डिझायनरने 1974 साली साध्या फळ्या आणि खिळ्यांतून करता येणाऱ्या 19 वस्तूंचे आराखडे लोकांना खुले केले. आपल्या हाताने एक टेबल केलं की बाजारातलं टेबल पारखता येतं, हा त्यामागचा त्यांचा हेतू होता. तीन खोके केल्यावर तुम्ही दुकानातला पलंग हलवून, खाली वाकून त्याचे सांधे बघून घ्याल. आज नुसता रंग बघून घ्याल.

'माझ्या हातचं काहीतरी' तिच्याकडे असावं, असं तुम्ही लिहिलंत. त्यासाठी सगळी खोली लागत नाही. मुलांना वस्तूच्या आतली बाजू ठाऊक असते. ती त्या खोक्यात शिरून बसेल, खालच्या बाजूला खडूने काहीबाही गिरवेल. तिथे रंग देऊ नका, लाकूड उघडंच ठेवा.

राहता राहिले मेहुणे. चारचौघांत बोलले ते बरं नव्हे, पण त्यांचं वाक्य चूक नव्हतं, हे तुम्हालाही आत कुठेतरी ठाऊक असेल. त्यांच्याकडे ड्रिल असेल तर मागून घ्या. आणि पहिला खोका तयार झाला, गोंदाला पुरता एक दिवस झाला, की आडवा ठेवून आधी त्यांनाच बसवा. कुरकुरला तर स्क्रू उघडून पाहा, कुठल्या तरी कडेचे थर सुटलेले सापडतील.